शरयूताईंच्या गच्चीवर माझ्या नावाचं अंजीर

शरयूताईंची आणि माझी पहिली भेट खरं म्हणजे भांडणाने व्हायची होती, ती चहावर निभावली. आठ वर्षांपूर्वी मी आणि माझा नवरा समीर पुण्याहून दिल्लीला आलो आणि मयूर विहारमधल्या या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहू लागलो. येऊन तीन दिवस होतात न होतात तोच बाल्कनीत वाळत घातलेल्या माझ्या कुडत्यावर वरून पांढरा चीक गळला आणि डाग पडले. वर कोण राहतं, म्हणून चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, "अंजीर वाली मैडम. जाइए, पर ज़रा संभल के." कशासाठी सांभाळायचं, ते मात्र त्याने सांगितलं नाही. मी कुडता हातात धरून तावातावाने जिना चढले. बेलवर बोट ठेवायच्या आत दार उघडलं. दारात पांढऱ्या केसांच्या, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "ये मंजिरी. तुझ्यासाठी फांदी राखून ठेवली आहे."

मी माझं नाव त्यांना सांगितलेलं नव्हतं. खालच्या पाटीवर वाचलं असेल, अशी मी तेव्हा मनाची समजूत घातली. आमच्या नावाची पाटी अजून लागायची होती, हे घरी परतल्यावर लक्षात आलं.

ताई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि आपलं मराठी मंडळ त्यानिमित्त हा ग्रंथ काढत आहे. संपादकांनी मला फोनवर बजावलं आहे, "मंजिरी, गौरवलेख आहे हं हा. भुताटकी नको." मी प्रयत्न करते. पण ताईंच्या गच्चीविषयी लिहायचं आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येऊ द्यायचा नाही, म्हणजे ठेचा खायचा आणि हाय म्हणायचं नाही, अशातली गत आहे.

ताईंनी दिल्लीच्या शाळेत पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. यजमान गेल्यावर एकट्या राहिल्या, आणि निवृत्तीनंतर गच्चीवर अंजिरं लावू लागल्या. दिल्लीत, तेही कुंड्यांमध्ये! सुरुवातीला लोक हसले. मे महिन्यात जिथे माणसं करपतात, जानेवारीत जिथे दात वाजतात, तिथे अंजीर जगायचं कसं? ताईंनी जगवलं. आज त्यांच्या गच्चीवर पुरंदरचं जांभळट पुणेरी अंजीर आहे, मराठवाड्यातलं दिनकर आहे, मोठ्या फिकट फळांचं डायना आहे, ब्राउन टर्की आहे, आणि एका गढवाली शेजारणीने माहेराहून आणून दिलेलं बेडू नावाचं डोंगरातलं रानअंजीरही आहे. अर्धे कापलेले ड्रम, रंगाचे डबे, फुटक्या बादल्या, जे मिळेल त्यात माती भरून झाडं उभी. उन्हाळ्यात हिरवी जाळी, पावसाळ्यात पानांवरच्या तांबेऱ्याशी झुंज, आणि वर्षभर माकडांशी तोंडातोंडी. माकडांशी त्या मराठीतच भांडतात.

सोसायटीतली मराठी मुलं इथेच वाढलेली, त्यामुळे घरात अर्धं हिंदीच चालतं. देठ, चीक, साल हे शब्द त्यांना ताईंनी गच्चीवर शिकवले. अंजिराच्या बुडाशी एक बारीकसं छिद्र असतं, त्याला ताई डोळा म्हणतात. एकदा कच्चं फळ उभं चिरून त्यांनी मुलांना दाखवलं. अंजिराची फुलं फळाच्या पोटात असतात, शेकडो, दाटीवाटीने, सगळी आत तोंड करून बसलेली. मग एका पोरीने कुंडीतल्या फळाकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, ये आँख किसकी है?" ताई सहज म्हणाल्या, "ज्याची कुंडी त्याची, बाळा." ती पोर आठवडाभर वर आली नाही.

ज्याची कुंडी त्याची, हे सांगायला हवं. ताईंची एक पद्धत आहे. त्या अंजिराची काडी नुसती देत नाहीत. जानेवारीत पानं झडली की तुमच्याच हातून एक फांदी कापून घेतात आणि तिच्या दोन काड्या करतात. एक तुम्ही घरी न्यायची, दुसरी त्यांच्या कुंडीत. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने तुमचं नाव कोरतात आणि तांब्याच्या तारेने ती पट्टी कुंडीतल्या झाडाला बांधतात. कारण विचाराल तर अगदी साधं. "तुझं वाळलं तर माझ्याकडून परत ने. जोड असावी जवळ." कोण नाही म्हणेल? अशी मयूर विहारपासून मुनिरकापर्यंत कितीतरी जणांची नावं त्या गच्चीवर आहेत, त्यात माझं आणि समीरचंही. थंडीत सगळी झाडं उघडी पडतात, धुक्यात नुसत्या काटक्या उभ्या राहतात, आणि वाऱ्याने पट्ट्या एकमेकींवर वाजत राहतात. तेव्हा त्या काटक्यांमधून चालताना ओळखीची नावं वाचायचं मी टाळते.

पहिला धक्का मला अस्माच्या वेळी बसला. अस्मा लातूरची मुलगी. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मुनिरकाला एका खोलीत भाड्याने राहायची. मंडळाच्या गणपतीत तिची ताईंशी ओळख झाली आणि तीही काडी घेऊन गेली. पुढच्या वर्षी ऐन ऑगस्टमध्ये, जेव्हा अंजीर पानांनी भरलेलं असतं, तेव्हा ताईंच्या गच्चीवरच्या अस्माच्या झाडाची पानं एका दिवसात गळाली. ताईंनी ती कुंडी उचलून खाली स्वयंपाकघरात आणली, मोरीच्या कडेला ठेवली, डबाभर मऊ खिचडी केली आणि मला म्हणाल्या, "चल गं माझ्याबरोबर, तांबेरा पडलाय, तिच्याकडेही पडला असेल. बघून येऊ." मेट्रो बदलत बदलत आम्ही मुनिरका गाठलं. दार ठोठावलं तर आतून उत्तर नाही. घरमालकाने धक्के देऊन दार उघडलं. अस्मा डेंग्यूच्या तापाने फणफणून अंथरुणात पडलेली, ओठ वाळलेले, फोन बंद. तीन दिवस तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. आम्ही रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं, म्हणून पोरगी वाचली. आज ती मराठवाड्यात अधिकारी आहे आणि फोनवर ताईंना अजून आजी म्हणते.

पण एक गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही. त्या दिवशी तिच्या खिडकीतलं झाड मी पाहिलं होतं. ते हिरवंगार होतं. तांबेऱ्याचा एक ठिपका नव्हता.

तेव्हापासून ताईंकडे गेलं की सगळ्यांची नजर आधी स्वयंपाकघराकडे जाते. मोरीशी कुणाची कुंडी आहे? नसली तर माणसं मोकळेपणी बसतात, चहा मागतात. असली तर कुणी उठून पट्टी वाचायला जात नाही. कोपर्निकस मार्गावर नोकरीला असलेले आपले जगतापसाहेब निवृत्त होऊन साताऱ्याकडे गावी गेले, त्या वर्षी त्यांची कुंडी महिनाभर तिथे होती. तो सबंध महिना ताई त्यांना रोज संध्याकाळी फोन करायच्या. विषय काय, तर अंजिराला खत केव्हा घालावं, मुंग्या लागल्या तर काय करावं. साहेब खदाखदा हसायचे, ते आम्हाला ऐकू यायचं. घरच्यांना काही सांगावं की नाही, असं मी ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "काय सांगणार? झाड वाळतंय म्हणून?" महिन्याच्या शेवटी साताऱ्याहून साहेबांच्या मुलाचा फोन आला. बाबा शेवटच्या दिवसापर्यंत तुमच्या फोनची वाट पाहायचे, असं तो म्हणाला. ताईंचा चांगुलपणा कसला असतो, ते मला तेव्हा कळलं. त्या घाबरवत नाहीत. नुसत्या सोबत करतात.

मी संगणकाच्या क्षेत्रात काम करते. नोएडातल्या ऑफिसात दिवसभर माणसांना 'कारण काय ते शोधा' म्हणून पिडते. माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, अजूनही नाही असं मी चारचौघांत म्हणते. म्हणूनच पुढे जे लिहिते आहे, ते लिहिताना मला लाज वाटते. पण गौरवग्रंथात गोड गोड लिहून झाकली मूठ ठेवली, तर ताईंचं मोठेपण कुणाला कळणारच नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. दर वर्षी त्या सुमारास एका रविवारी मी आणि समीर ताईंच्या मदतीला वर जातो. कुंड्या रिकाम्या करायच्या, मुळं छाटायची, नवी माती भरायची. सकाळचे दहा वाजले तरी धुकं होतं. ताई चहा ठेवायला खाली गेल्या होत्या. समीर ड्रम सरकवत होता आणि काहीतरी फालतू विनोद करत होता. पानं झडलेलं झाड जिवंत आहे की नाही, ते नखाने साल खरवडून बघतात. खाली हिरवं दिसलं तर जिवंत. मी एकेक झाड खरवडत समीरच्या झाडापाशी आले. खरवडलं, तर तपकिरी. जरा खाली खरवडलं, तिथेही तपकिरी. पार मातीपर्यंत गेले. कोरडं ठक्क. टोक वाकवलं तर ते कट्कन मोडलं.

समीर चार पावलांवर उभा होता, त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. शेजारीच ताईंच्या स्वतःच्या नावाची कुंडी होती, तिची जोड पुण्याला त्यांच्या बहिणीच्या अंगणात आहे. मी ती खरवडली. हिरवीगार. आणि माझ्या हातांनी, हो, माझ्याच हातांनी, दोन्ही तारा सोडल्या आणि पट्ट्या बदलून बांधल्या. अर्धं मिनिट लागलं असेल. समीरला कळलंही नाही. देवाशपथ सांगते, त्या अर्ध्या मिनिटात ताई माझ्या मनात आल्याच नाहीत.

ताई चहा घेऊन वर आल्या. स्वतःच्या नावाचं वाळकं झाड त्यांना दिसलं. त्यांनी चहा कठड्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "अरेच्चा. समीर, एवढी कुंडी खाली मोरीशी ठेव रे." आणि समीर ती उचलून घेऊन गेला. त्याची स्वतःची कुंडी, त्याच्याच छातीशी धरून. मी कठडा धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन. "समीरला डॉक्टरकडे ने. आजच."

"का हो ताई?"

"काल कुंडी नेताना धाप लागली होती त्याला. एक मजला उतरायला कुणाला धाप लागते का? वाद घालू नकोस."

तपासण्या झाल्या. हृदयाच्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. डॉक्टर म्हणाले, "अच्छा हुआ आप आ गए, ये तो कभी भी हो सकता था." चार दिवसांत शस्त्रक्रिया वगैरे सगळं पार पडलं आणि समीर घरी आला. मी देवापुढे पेढे ठेवले. मग वर ताईंना पेढे द्यायला गेले, तेव्हा मोरीशी ती कुंडी तशीच होती. ताईंच्या नावाची पट्टी लटकत होती आणि ताई तिला तांदळाचं धुवण घालत होत्या.

त्या मार्चमध्ये ताई गच्चीवर पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पावसाळ्यापासून नजर अधू झाली. अंगावरचं मांस झडत गेलं, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर म्हणायचे, वय झालंय. सगळे तेच म्हणायचे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मीही स्वतःला शंभरदा सांगितलं. पण रात्र असो की दिवस, मला ती पट्टी दिसायची. समीर शीळ घालत ऑफिसला निघाला की मला आनंद व्हायचा, आणि लगेच वरच्या मजल्यावर वॉकरचा ठक ठक आवाज यायचा.

या दिवाळीत मला राहवलं नाही. फराळाचं ताट घेऊन वर गेले आणि ते टेबलावर ठेवायच्या आत रडू फुटलं.

"ताई, मी पट्ट्या बदलल्या. तुमची आणि समीरची."

"माहीत आहे."

"कसं?"

"मी तार तीनदा पिळते. तू एकदा पिळून सोडतेस. सगळीच घाई तुझी."

"मग तुम्ही परत का नाही बदलल्यात?"

ताईंनी चकली मोडली, अर्धी माझ्या हातात ठेवली. "समीर रोज कामाला जातो ना?"

"जातो."

"डबा संपवतो?"

"संपवतो."

"मग झालं तर. अगं, मुळांना बुरशी लागते, झाडं वाळतात. जीवशास्त्र शिकवलंय मी. नाक पूस आणि खा."

एवढं बोलून त्या उठल्या, वॉकर ढकलत मोरीपाशी गेल्या आणि कुंडीला पाणी घातलं. अंजीर हट्टी असतं, मुळातून फुटतं कधी कधी, असं त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. दोन वर्षं ते फुटलेलं नव्हतं.

सभासदहो, गुरू कुणाला म्हणावं, याविषयी या ग्रंथात विद्वान मंडळी लिहितीलच. मी एवढंच सांगते की एका बाईने भीतीपोटी आपल्या घरचं मरण उचलून दुसरीच्या दारात ठेवलं, आणि त्या दुसरीने ते शेजाऱ्याचं पार्सल ठेवून घ्यावं तसं ठेवून घेतलं, वर चकली दिली. चूक माझी होती. ती कुणी निस्तरायची, हा काही प्रश्नच नव्हता. समीरच्या पट्टीला हात लावायचं धैर्य मला झालं नाही, आजही होणार नाही. पण गच्चीवर आणखी एक हिरवं झाड होतं, आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवायचा हक्क फक्त मला होता.

महिन्यापूर्वीच्या रविवारी दुपारी ताई जेवून पडल्या होत्या. मी पक्कड घेऊन गेले. मोरीशी असलेल्या कुंडीवरून ताईंची पट्टी सोडली, गच्चीवर नेऊन माझ्या झाडाला बांधली. माझ्या झाडाची पट्टी खाली आणून त्या वाळक्या खोडाला बांधली. या वेळी तार तीनदा पिळली, शांतपणे. ताईंना आता अक्षरं दिसत नाहीत, तेव्हा हे त्यांना कळलेलं नाही. त्या अजून रोज त्या कुंडीला आपली समजून पाणी घालतात.

आठव्या दिवशी ताईंनी वॉकर बाजूला ठेवला. पंधराव्या दिवशी जिना चढून गच्चीवर गेल्या आणि माकडांना शिव्या दिल्या, त्या मला खाली स्वच्छ ऐकू आल्या. परवा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. डॉक्टरांना नवल वाटतंय. मला गेल्या आठवड्यापासून थोडी कणकण आहे आणि जिना चढताना मधे थांबावं लागतं. दिल्लीची हवाच तशी आहे या दिवसांत.

ताई, हा लेख तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल. जो वाचेल त्याला माझी विनंती, की वरचा मजकूर गाळू नये. तुम्ही चिडाल. चिडा. पण त्या तारेला हात लावायचा नाही, ही पंचाहत्तरीची भेट आहे आणि भेट परत करत नाहीत. समीर, तुलाही हे इथेच कळतंय. रागावू नकोस रे, आणि गोळ्या वेळेवर घेत जा.

शरयूताईंना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभावं, अशी प्रार्थना या ग्रंथात पानोपानी असेल. मी प्रार्थना केलेली नाही, मी तजवीज केली आहे. तेव्हा ताई, आता तुम्हाला शंभर वर्षं जगावंच लागेल.